न बसलेल्या घावाची फिर्याद

आमच्या तालुक्यात कुठल्याही भांडणाची चौकशी एकाच प्रश्नाने सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. "मारलं का?" पोलीस पाटील तेच विचारतो, ठाण्यातला अंमलदार तेच विचारतो, घरी गेल्यावर सासूही तेच विचारते. "नाही" म्हटलं की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. "मंग झालं! मारलं त नाही ना? जाय घरी, भाकरी कर."

मी मानोऱ्याच्या कोर्टात वकिली करते. माझ्याकडे येणाऱ्या माणसांपैकी बरीचशी या "मारलं त नाही ना"ला कंटाळून आलेली असतात. त्यांना मी पहिल्याच भेटीत सांगते, की न मारताही गुन्हा होतो. मग ते माझ्याकडे असं बघतात, की बाईला वकिली येते की नाही याची शंका त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ दिसते.

दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा, असं संपादकांनी कळवलं तेव्हा सवयीप्रमाणे मी आधी याद्या केल्या. लिहिण्याजोगे खटले; लिहू नयेत असे खटले; आणि ज्यांचे पक्षकार अजून आठवडी बाजारात भेटतात असे खटले. तिसरी यादी सगळ्यांत लांब झाली. त्यामुळे इथली सगळी नावं बदलली आहेत आणि मुख्य गोष्टीतल्या गावाचं नाव लिहिलेलंच नाही. जिची ही मुख्य गोष्ट आहे तिला मी रीतसर विचारलं. ती म्हणाली, "लिव्हा ना. आमच्या इकडं वाचते कोण?"

तर आधी धंद्याची गोष्ट, सोप्या शब्दांत.

कायद्यात 'हमला' नावाचा एक छोटा गुन्हा आहे. मराठी माणसाला हमला म्हटलं की तलवारी, घोडे वगैरे आठवतात. कायद्यातला हमला त्या मानाने फार गरीब आहे. समोरच्याला आता आपल्याला फटका बसणार असं वाटावं, अशी हालचाल किंवा तयारी मुद्दाम करणं, बस्स, एवढंच. फटका बसलाच पाहिजे असं नाही. बसला की तो पुढचा गुन्हा, त्याचं कलम वेगळं. नव्या संहितेत या कलमाचा आकडा बदलला, पण व्याख्या होती तीच राहिली. शिक्षा जास्तीत जास्त तीन महिने, किंवा दंड, किंवा दोन्ही. शिवाय गुन्हा अदखलपात्र. म्हणजे पोलीस नोंद घेतात, त्याचा एक कागद तुमच्या हातात देतात आणि कोर्टाचा रस्ता दाखवतात. तिथून माझं दार जवळ आहे.

आलेल्या माणसाला मी चहाच्या आधी चार प्रश्न विचारते. चहानंतर माणूस रंगवून सांगायला लागतो, म्हणून आधी. तो समोर होता का? त्यानं हातानं, अंगानं किंवा एखाद्या वस्तूनं काही केलं का, की नुसतं तोंड चालवलं? ते आत्ताच्या आत्ता बसेल इतकं जवळ होतं का? आणि आपण काय करतोय हे त्याला कळत होतं का? चारांपैकी एकही उत्तर 'नाही' आलं, तर चहा पाजते आणि परत पाठवते.

हे चार प्रश्न ऐकायला सोपे वाटतात. पण माणसं त्यांत बसत नाहीत.

कामरगावच्या एका दुकानदाराची फिर्याद होती, की साडू त्याला फोनवरून म्हणाला, "तू भेट, तुये तंगडे तोडतो." मी विचारलं, साडू कुठून बोलत होता? "सुरतेहून." सुरतेहून कामरगावच्या तंगड्यापर्यंत हात पोचत नाही. धमकीचं कलम निराळं आहे, तिकडे जा, म्हटलं. नुसत्या शब्दांनी हमला होत नाही. शब्दांचा उपयोग एवढाच, की हालचालीचा अर्थ काय, हे त्यावरून कळतं. माणूस हात उचलून "राम राम" म्हणाला तर तो नमस्कार, आणि त्याच हाताबरोबर "थांब, तुले दाखवतो" म्हणाला तर माझं काम सुरू.

मेडशीच्या बसथांब्यावर दोन गृहस्थांची जागेवरून जुंपली होती. त्यांतल्या एकाने खाली वाकून पायातली चप्पल काढली. माझा पक्षकार दुसरा. कोर्टात चप्पलवाल्याचा बचाव होता, की चपलेत खडा गेला होता. आता हे वाचून कोणी हसू नये. चप्पल काढल्याच्या जेवढ्या फिर्यादी मी पाहिल्या, त्या सगळ्यांत खडा निघाला. आमच्या जिल्ह्यातल्या रस्त्यांबद्दल इतका ठोस पुरावा बांधकाम खात्यालाही कधी मिळाला नसेल. तो खटला मी हरले. हालचाल होती, अंतर होतं, पण चप्पल काढून त्या इसमाने ती झटकलीही होती, आणि हे माझ्याच साक्षीदाराने सांगितलं. प्रामाणिक साक्षीदारासारखा ताप नाही.

आणखी एकाने पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी "बैल सोडतो तुह्या अंगावर" म्हणत दावं सोडलं होतं. शेजाऱ्यावर जनावर सोडण्याची तयारी हासुद्धा हमला होऊ शकतो. फक्त जनावर तसं असावं लागतं. हा बैल दावं सुटताच शांतपणे टाक्यावर पाणी प्यायला गेला आणि परत येऊन आपल्या जागी उभा राहिला. सगळ्या गावाने त्याची चाल पाहिली होती. शेवटी त्या बैलाच्या स्वभावावरच तडजोड झाली.

हे झाले गमतीचे. शेवंताबाईचा खटला मात्र मला गमतीचा वाटत नव्हता, तो कोर्टात जाऊन गमतीचा झाला.

शेवंताबाई पहिल्यांदा आली ती तुरी सोंगायच्या, म्हणजे कापणीच्या, दिवसांत. चाळिशी ओलांडलेली, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी बाई. नवरा पुण्यात एका सोसायटीत वॉचमन. गावात थोडं वावर, सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी. ते ही एकटी करते. शेजारचं वावर सख्ख्या दिराचं, देवरावचं. मधे धुरा, म्हणजे बांध.

देवरावला भावाचं वावर ठोक्याने हवं होतं. वर्षाचा ठरवून पैसा द्यायचा आणि पीक आपण घ्यायचं, असा तो व्यवहार. आमच्याकडे असे ठोके गुढीपाडव्याला ठरतात. भावाने फोनवर सांगितलं होतं, शेवंता करते तोवर करू दे. म्हणून देवरावने शेवंताने करूच नये असा उपाय शोधला. ती वावरात आली की हा धुऱ्यावर यायचा. हातात कधी काठी, कधी कुऱ्हाड. कधी बोटही लावलं नाही. फक्त उगारायचा, आणि ती मागे सरली की मोठ्याने हसायचा. मजुरीला येणाऱ्या बायांनी यायचं बंद केलं. "त्याच्या डोक्याचं काही सांगता येत नाही माय," म्हणाल्या.

"पोलीस पाटील काय म्हणतो?" मी विचारलं.

"मारलं का म्हणते."

"आणि तुमचे मालक?"

"ते बी तेच म्हणते. मारलं त नाही ना, म्हणते. रोजची कटकट कायले पाह्यजे, यंदाच्या पाडव्याले देऊन टाकू त्याले ठोक्यानं." तिने पदर खोचला. "बाई, मी त्या वावरातला एकेक गोटा येचला हाय. एकदा देलं ठोक्यानं, त ते वावर मले परत कधीच भेटत नाही. मले मालूम हाय देवराव."

म्हणजे तारीख कोर्टाने द्यायच्या आधीच पडलेली होती. पाडवा.

मी चार प्रश्न विचारले. चारही उत्तरं चोख आली. अगदी अलीकडचा प्रसंग चार दिवसांपूर्वीचा. ती डोक्यावर शिदोरीचं टोपलं घेऊन धुऱ्यापाशी आली. देवराव कुऱ्हाड घेऊन पुढे आला. मधे तुरीची एकच ओळ. त्याने कुऱ्हाड दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि म्हणाला, "टाक आता पाय धुऱ्यावर, मंग पाह्य." पलीकडे शेळ्या चारणाऱ्या किसनबुवांनी पाहिलं. समोर होता, हालचाल होती, अंतर होतं, शब्दांनी अर्थ पक्का केला होता. वीस वर्षांत इतकी नीटनेटकी फिर्याद माझ्याकडे आली नव्हती. मी उत्साहाने लिहायला बसले.

लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. "...आरोपीने कुऱ्हाड उगारल्याने मी अतिशय घाबरले..."

"कोण?" शेवंताबाई म्हणाली.

"तुम्ही."

"कोण म्हणते?"

"असं लिहावं लागतं, शेवंताबाई."

"खोडा ते. मी भेली नाही. त्या देवरावले भेईन मी? लग्न होऊन आली तवा त्याचं नाक पुसायले मी व्हती."

मी खोडलं. पुन्हा वाचलं. "माझ्या मनात भीती निर्माण झाली" हेही चाललं नाही. "धास्ती"? नाही. "दडपण"? "ते काय राह्यते?" अर्धा तास मी भीतीचे एकेक शब्द काढत होते आणि ती भाजीवाल्याकडची वांगी चाळावीत तसे परत टाकत होती. शेवटी मी पेन खाली ठेवलं आणि तिला समजावलं. कायद्याला तुमची भीती लागतच नाही. पहिलवानावरही हमला होऊ शकतो, तो कुठे भितो? आता आपल्याला बसणार, एवढं कळलं की पुरे. ते कळण्याला भिण्याची गरज नाही.

"असं हाय काय?" ती जरा विचार करून म्हणाली. "मंग तसं लिव्हा. समजलं म्हना. भेली म्हनू नका."

तसं लिहिलं. त्या वर्षीचा पाडवा तिने कसा परतवला ते तिचं तिलाच माहीत. नवऱ्याला फोनवर एवढंच सांगितलं, की केस कोर्टात आहे, आता काही ठरवता येत नाही. कायद्यात असं काही नाही. पण मी तिला दुरुस्त केलं नाही. नवऱ्याने मात्र बजावलं, पुढच्या पाडव्यापर्यंत निकाल लागला तर ठीक, नाहीतर वावर देवरावला.

कोर्टाचं चाक कसं फिरतं ते वाचकांना ठाऊक असेल. आरोपी आला तेव्हा साहेब रजेवर. साहेब आले तेव्हा आरोपी लग्नाला. मधे बदल्या झाल्या आणि नाशिककडच्या एक तरुण न्यायदंडाधिकारी मॅडम आल्या. त्यांना वऱ्हाडी ऐकायला आवडायचं, पण लिहून घेताना त्या ती बोली धुऊन, इस्त्री करून घ्यायच्या. शेवंताबाईच्या साक्षीला एकदाची तारीख मिळाली तेव्हा पुन्हा थंडी पडली होती आणि पुढचा पाडवा डोळ्यांपुढे दिसत होता.

त्या दिवशी कोर्टात अर्धं गाव होतं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. देवराव पांढरा सदरा घालून आरोपीच्या जागेवर उभा, चेहऱ्यावर हसू. त्याचे वकील वानखडे. माझे जुने स्नेही, आम्ही डबाही वाटून खातो. पण उलटतपासणीला उभे राहिले की सख्ख्या मेहुण्याला ओळखणार नाहीत.

माझी सरतपासणी, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारणं, छान झाली. शेवंताबाईने सगळं क्रमाने सांगितलं. मग वानखडे उठले. त्यांचा बचाव मला माहीत होता. देवराव धुऱ्यावरच्या बाभळीच्या फांद्या तोडत होता. कुऱ्हाड वर नेल्याशिवाय खाली येत नाही. बाईंनी उगाच अंगावर ओढून घेतलं. बचाव चांगला होता. म्हणून बाभूळ नेमकी कुठे होती हे मी किसनबुवांकडून काढणार होते. पण वानखड्यांनी बाभळीला हातच लावला नाही. त्यांनी शेवंताबाईला पाहिलं, बाकावरच्या गावाला पाहिलं, आणि त्यांना बाभळीपेक्षा सोपी वाट दिसली.

"बाई, तुम्ही एकट्या शेती करता?"

"हो."

"हिमतीच्या आहात."

"आहो ना."

"गावात कोणाला भीत नाही?"

"कायले भेऊ?"

वानखडे अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मग देवरावने कुऱ्हाड उचलली तेव्हा तुम्ही भ्यालात का?"

शेवंताबाईने एकदा देवरावकडे पाहिलं. तो हसत होता. तिने बाकांवरच्या गावाकडे पाहिलं. मग मान ताठ करून म्हणाली, "याले? याले भेईन मी? याच्या लग्नात याले हळद मीच लावली. तवा बी थरथरत व्हता."

कोर्ट हसलं. पट्टेवाला हसला, टंकलेखक हसला, मॅडमनी रुमाल तोंडावर धरला. देवरावचं हसू मात्र गेलं. वानखड्यांना हसण्याशी घेणंदेणं नव्हतं. त्यांनी मॅडमकडे वळून सावकाश सांगितलं, "लिहून घ्यावं, साक्षीदाराला भीती वाटली नाही." टंकलेखकाची बोटं चालली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. कागदावर काय जातंय आणि ते जाऊन कुठे पोचणार, हे मला त्या एका ओळीत दिसत होतं. भीती आणि समज यांतला फरक मी युक्तिवादात सांगणारच होते, पण पुराव्यात तिच्या तोंडचं काहीतरी हवं. नाहीतर वकिलीणबाईचं नुसतं व्याकरण.

वानखडे बसायला निघाले होते. पण त्यांची एक खोड आहे. जिंकल्यावर त्यांना आणखी थोडं जिंकायचं असतं.

"म्हणजे तुम्हाला ओरखडासुद्धा आला नाही?"

"नाही."

"देवराव तुमच्या अंगाला शिवलासुद्धा नाही?"

"नाही."

"तुमच्या टोपल्यातली भाकरीसुद्धा सांडली नाही!"

"सांडली ना!" शेवंताबाई तावातावाने म्हणाली. "ठेचा बी सांडला. सारा मातीत."

वानखडे बसले. मी उठले.

फेरतपासणी म्हणजे उलटतपासणीत जे निघालं त्याचा खुलासा, त्यापलीकडे काही विचारता येत नाही. उत्तर सुचवणारा प्रश्नही चालत नाही. सरतपासणीत भाकरीचा उल्लेख नव्हता. मला ती माहीतच नव्हती. वानखड्यांनी स्वतः तिला कोर्टात आणलं होतं.

"शेवंताबाई, भाकरी कशी सांडली?"

"टोपलं आडवं धरलं ना."

"कुठं धरलं?"

तिने पिंजऱ्यात उभ्या उभ्या दोन्ही हात डोक्यापुढे नेले, मान खांद्यांत ओढली आणि अंग डावीकडे चोरलं. क्षणभर त्या पिंजऱ्यात टोपलं दिसलं, कुऱ्हाडही दिसली. कोणी हसलं नाही.

"असं का धरलं?"

"काहून म्हंजे?" ती माझ्यावरच चिडली. "कुऱ्हाड वर गेली ना त्याची! खाली आली असती त डोक्श्यावर घेऊ का टोपल्यावर? टोपलं दुसरं भेटते."

मॅडमनी एकदा पेन टेकवलं, विचार केला आणि टंकलेखकाला सांगितलं, "साक्षीदार पुढे सांगते की, आरोपीने कुऱ्हाड डोक्यावर नेल्याने वार आपल्या डोक्यावर बसेल असे तिला वाटले, म्हणून तिने टोपली डोक्यापुढे आडवी धरली व त्यामुळे टोपलीतील भाकरी जमिनीवर पडली." ठेच्याचा उल्लेख राहिला, त्याबद्दल शेवंताबाईने बाहेर आल्यावर माझ्याकडे तक्रार केली.

किसनबुवांची साक्ष मग सरळ गेली. वानखड्यांनी आता बाभूळ काढली, पण उशीर झाला होता.

"बाभूळ होती ना तिथं?"

"होती ना. लय जुनी."

"देवराव बाभूळ तोडत होता."

"बाभूळ त त्याच्या पाठीमांगं व्हती, साहेब," किसनबुवा शांतपणे म्हणाले. "समोर वयनी व्हती. बाभूळ तोडाची त फिरा लागते."

निकाल पाडव्याच्या आधी लागला. मॅडमनी देवरावला दोषी धरलं. घरातलंच नातं, पहिलाच गुन्हा, म्हणून तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुन्हा असं काही केलं, तर बोलावून शिक्षा देणार. निकाल ऐकून देवराव बाहेर आला तो गोंधळलेला. व्हरांड्यात त्याने वानखड्यांना गाठलं. मी तीन पावलांवर होते.

"वकीलसाहेब, म्हंजे सुटलो का धरला गेलो?"

"सुटला. पण नीट वागायचं."

"म्हंजे कुऱ्हाड हाती घ्याची का नाही घ्याची?"

"घे ना बापा, शेतकरी आहेस तू."

"वर नेऊ का नको नेऊ?"

वानखडे हरलेले आणि उपाशी होते. "वहिनी असली तर नको नेऊ! खांद्याच्या खाली ठेव, आणि तिला सांगत जा की खाली आहे म्हणून!" असं ओरडून ते डबा खायला गेले. अर्धा डबा माझ्यासाठी ठेवला होता, हेही सांगितलं पाहिजे.

पाडव्याला शेवंताबाईचा नवरा गावी आला. ठोक्याचा विषय निघाला नाही. एका साध्या, तीन महिन्यांच्या कलमाने बाईचं वावर राहिलं, याचा मला अभिमान आहे. आणि त्यासाठी तिला दुसऱ्या पाडव्यापर्यंत थांबावं लागलं, याची खंतही आहे. तिच्यासारख्या किती जणी "मारलं त नाही ना"वरच घरी परतल्या असतील, ती यादी मला करता येत नाही.

गेल्या थंडीत तिचा निरोप आला. "वकीलबाई, शेंगा खायले या." मी गेले. तिने तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडल्या होत्या. परात मधे घेऊन आम्ही दोघी धुऱ्याजवळ बसलो. मजुरीच्या बाया पलीकडे कामाला होत्या. तेवढ्यात शेजारच्या वावरातून हाक आली, कोतवालाने दवंडी द्यावी अशी.

"वयनी ओ! कुऱ्हाड नेऊन राह्यलो! खांद्याच्या खाली हाय!"

देवराव होता. कुऱ्हाड मांडीशी चिकटवून, भरल्या घागरीसारखी जपत, तो बाभळीकडे चालला होता.

"जाय बापा, जाय," शेवंताबाई ओरडली.

"हे रोज असंच?" मी विचारलं.

"रोज. वकिलानं सांगतलं म्हणते. एक दिवस सांगाचं राह्यलं त अर्ध्यातून वापस जाऊन सांगून आला."

मी हसून हसून बेजार झाले. तीही हसली. मग शेंगा सोलता सोलता, खाली बघून म्हणाली, "एक सांगू का, बाई? भेव वाटलं व्हतं. लय. रातभर झोप नाही लागे. वावरात याचं म्हटलं त पाय लटलट कापत."

मी विचारलं, "मग कोर्टात का नाही सांगितलं? वानखड्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हणाला असतात तर केस तिथेच संपली असती."

"केस संपली असती," ती म्हणाली. "पण तो तिथंच उभा व्हता ना, बाई. सारा गाव बसला व्हता. मी भेली हे त्याले एक खेप समजलं असतं, त कोर्ट काय रोज येणार व्हतं काय वावरात माह्यासंगं?"

मी शेंगा सोलत राहिले. पलीकडे बाभळीवर पहिला घाव पडला, मग दुसरा. प्रत्येक आवाजाला शेवंताबाईची मान किंचित तिकडे वळत होती. मग तिने परातीतल्या शेंगा ओंजळभर वेगळ्या काढल्या, हात पदराला पुसले आणि उभी राहून हाक मारली.

"देवराव! ये, शेंगा घेऊन जाय, गरम हाय तवर. अन् ते कुऱ्हाड तिथंच ठेवून ये."

त्याने ठेवली आणि आला.